इर्जिकीचा मालक

शेळगावच्या मानसिंगचं तोंड फटकळ, पण मन लोणी. दिवसभर पेरूची बाग आणि सवड मिळाली की लॅपटॉप. कालव्याच्या पाण्याची पाळी कधी येणार ते सांगणारं ‘पाटकरी’ ॲप त्यानं आणि पिंपळीच्या राजलक्ष्मीनं मिळून उभं केलं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, सुधारावा. पैशाचं नाव नाही.

मग एका संस्थेनं मदत दिली आणि राजलक्ष्मी त्याच कामासाठी बारामतीच्या ऑफिसात पगारी झाली. पेढे मानसिंगनंच वाटले. पण बैठका सकाळी अकराला होऊ लागल्या, तेव्हा हा बागेत. त्यात त्याची कोडमधली एक दुरुस्ती तिनं परत पाठवली: ती बरोबर चालते हे तपासणारी चाचणी आधी लिहा, मग घेऊ. भावासारख्या माणसाला हे उत्तर! त्यानं ॲपच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, ‘फुकट राबायचं आणि वर बोलणी खायची?’ आणि काम सोडलं. सोडलं खरं, पण जेवण गोड लागेना.

अशात गाडी घसरून त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि रान नांगरायचं राहिलं. शेजारी म्हणाले, इर्जिक करू. म्हणजे सगळ्यांनी फुकट राबायचं आणि मालकानं मटणाचं जेवण घालायचं. हल्ली औतांच्या जागी ट्रॅक्टर आले, मटण तेच राहिलं. राजलक्ष्मीही सुट्टी टाकून आली आणि बांधाकडेच्या चुलीपाशी, मानसिंगची आई सिंधुबाई हिच्याशेजारी, मुकाट भाकरी थापायला बसली.

शेजारच्या बिरूनं उताराच्या दिशेनं नांगर लावला, तसा मानसिंग ओरडत पळाला, “आडवं घाल, बिरू! माती वाहून जाईल सगळी!”

बिरूनं ट्रॅक्टर बंद केला. “फुकट राबायचं अन् वर बोलणी बी खायची व्हय?”

हे तर मानसिंगचेच शब्द.

“तसं न्हाय गड्या,” तो नरमाईनं म्हणाला, “तू सांजच्याला घरी जाशील. रान वाहून गेलं तर निस्तरायचं मलाच हाय.” बोलता बोलता त्याची नजर चुलीकडं गेली. राजलक्ष्मीनं सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. बिरूनं कुरकुरत ट्रॅक्टर वळवला.

पंगत बसली तेव्हा मानसिंगनं डाव्या हातानं पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. “चाचणी लिहून देतो. ॲप बिघडलं तर निस्तरायचं तुलाच हाय. एका हातानं येळ लागंल.”

“लागू द्या. अन् बैठक आता सांजच्याला ठेवते, दादा. अकराला तुमी बागेत असता, हेच मी इसरले.” तिनं ताट उचलून बिरूपुढं सरकवलं. “राबायला आले त्यांना आधी वाढा. आपण मालक, आपण मागनं जेवू.”

आपण म्हणाली ती! रुसून बसल्यापासून मानसिंगला एवढंच ऐकायचं होतं. तो एका हातानं रस्सा वाढत सुटला.