शंभर डिग्रीचं खोकं

माझ्यामुळे कोंबडीची सतरा पिल्लं जन्माला यायच्या आधीच गेली, आणि तेव्हा मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो.

गाव विट्याजवळचं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. एका मासिकात मी घरच्या घरी अंडी उबवण्याचं यंत्र करायची कृती वाचली होती. आईनं त्याच सुमारास सतरा अंडी साठवली होती. मिलिटरीतला दादा दिवाळीला सुट्टीवर येणार, तोवर पिल्लं मोठी होणार आणि लेकाला रोज रस्सा मिळणार, असा तिचा बेत! कोंबडीही खुडूक होऊन अंड्यांवर बसायला तयारच होती.

"आये, कोंबडी दाणे टिपायला उठते, तेवढ्यात अंडी गार होतात. माझं यंत्र उठणार नाही."

"आरं, आजवर तिनंच काढली की पिल्लं!"

"ते नशिबानं. हे शास्त्र आहे!"

आई म्हणाली, "न्हे बाबा अंडी. मास्तर हायस तू." (हे वाक्य मला अजून बोचतं.)

चहाचं जुनं खोकं घेतलं. आत बल्ब, पाण्याची वाटी आणि अंड्यांसाठी जाळीचा पाळणा. बाहेरून दोरी ओढली की अंडी कूस बदलणार! वाटीत पाणी घालायलाही बाहेरून नळी. ऊब जाऊ नये म्हणून सगळ्या फटींना कागद चिकटवला, वर गोधडी टाकली. एका भोकातून घरातला तापाचा थर्मामीटर आत सरकवला. बाहेर काढून पाहिला तर मासिकात सांगितले होते तेवढेच, बरोबर शंभर! दुसऱ्या दिवशी शंभर. दहाव्या दिवशी शंभर! मी वर्गात पोरांना सांगू लागलो, "अचूकता म्हणजे काय, ते माझ्या घरी येऊन बघा."

कोंबडी मात्र माझ्या चपलांवर ठाण मांडून बसली. हात घातला की चोच! आठ दिवस मी शाळेत अनवाणी गेलो.

एकविसाव्या दिवशी अख्खी गल्ली जमली. शेजारच्या शांताक्कांनी तर पिल्लांसाठी तांदळाची कणी आणली. मी थर्मामीटर उंच धरला. "आजही शंभर!" आणि झाकण उघडलं.

असा वास सुटला की गल्ली चार पावलं मागं सरली! बल्ब काळा पडलेला. आईनं अंड्याला हात लावला.

"आरं, गार पडल्यात ही!"

"पण आये, शंभर दाखवतंय..."

"झटकलं व्हतंस का?"

"काय?"

"त्यो थर्मामीटर रं! झटकल्याबिगार पारा खाली येतोय व्हय? तुझ्या तापात मी किती डाव झटकला आसंल!"

मी एकदाही झटकला नव्हता. एकवीस दिवस मी पहिल्या दिवसाचेच शंभर वाचत होतो! बल्ब नेमका कधी गेला, ते त्या सतरा जणांनाच ठाऊक.

आईनं सतराही अंडी टोपलीत भरून परड्यात पुरली. कोंबडीनं राग धरला, पुन्हा खुडूक झालीच नाही.

दिवाळीला दादा आला. ताटात पिठलं बघून म्हणाला, "आये, पत्रात तर लय कोंबड्या व्हत्या. कुटं गेल्या?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मुंगसानं न्हेली बाबा, समदी."

दारातल्या शांताक्कांनी लगेच भर घातली, "लय मोठं मुंगूस! बोक्याएवढं!"

दादा हवालदार माणूस, त्याचं रक्त उसळलं. अर्धी सुट्टी तो काठी घेऊन कुंपणं पालथी घालत फिरला. मी मान खाली घालून मागं मागं. शेवटी थकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गड्या, तू शास्त्र शिकलेला. एक झकास सापळा बनव."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी त्याच खोक्याचा सापळा बनवला. दादाची सुट्टी संपेपर्यंत तो अंगणात रिकामाच राहिला. राहणारच! त्या गावात कोंबड्या संपवणारं मुंगूस एकच होतं, आणि ते रोज सकाळी सापळ्याला तेल घालत होतं.