मोठ्या बाबांचा समुद्र

आमच्या जानेफळात समुद्र पाहिलेला माणूस एकच. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी मलकापूरहून कापसाच्या गाठींबरोबर ते मुंबईला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून पारावर समुद्राचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. समुद्र केवढा? तर आपल्या तळ्यासारखाच, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही. एवढ्या ज्ञानावर या गृहस्थानं उभी हयात मान मिळवला.

पुढे महाराष्ट्र झाला आणि सरकारनं आम्हा वऱ्हाडातल्या कारकुनांना पार कोकणापर्यंत फेकायला सुरुवात केली. मी पनवेलला जाऊन पडलो. दिवाळीनंतर मोठे बाबा आणि मोठी आई माझ्याकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या आईनं फर्मान काढलं, "यायनं पाह्यला तो समुद्र मले बी पाहाचा हाय. सूर्य बुडताना."

मोठ्या बाबांचे गुडघे एकाएकी दुखायला लागले. पण मोठ्या आईनं आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. गुडघ्यांची डाळ शिजली नाही. आम्ही अलिबागच्या एसटीत बसलो.

रस्ताभर मोठे बाबा आम्हाला समुद्र शिकवत होते. पेणच्या पुढे खिडकीतून पाणी चमकलं तसे ते ओरडले, "हाच!"

"आजोबा, ती खाडी," कंडक्टर म्हणाला.

"तेच सांगून राह्यलो," मोठे बाबा म्हणाले.

अलिबागला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. समुद्र दिसला आणि मोठी आई पदर तोंडाला लावून जागीच उभी राहिली. मोठे बाबा मात्र सराईतासारखे सरळ पाण्यापाशी गेले. आमच्याकडे नदीवर गेल्यावर करतात ते सगळं त्यांनी शिस्तीत केलं. अमडापूरच्या बाजारातल्या करकरीत वहाणा काठाला काढल्या, शेजारी दशम्यांचं गाठोडं ठेवलं, हातपाय धुतले आणि प्रवासाची तहान लागली होती म्हणून ओंजळ भरून तोंडाला लावली.

त्यांचे गाल फुगले. डोळे बाहेर आले. थुंकावं तर मोठी आई बघत होती. या बहाद्दरानं ते पाणी गिळलं.

"कसं हाय जी पाणी?" तिनं विचारलं.

"आपल्या विहिरीची सर नाही," ते कसेबसे म्हणाले, "पण चालते."

मी तोंड फिरवून हसून घेतलं. मग आम्ही वर कोरड्या वाळूत जाऊन बसलो. वस्तू काठालाच राहिल्या. नदीकाठी ठेवलेल्या वस्तूला काय पाय फुटतात? भरती नावाचा प्रकार असतो हे तिघांपैकी कुणाच्या गावी नव्हतं. मीही कोकणात येऊन नुसत्या फायलीच पाहिल्या होत्या.

पाहतो तो गाठोडं तरंगत निघालेलं. मोठे बाबा धोतर सावरत धावले, "अबे, पाणी सरकून राह्यलं! सरकून राह्यलं!" गाठोडं हाती लागलं, पण दशम्यांचा लगदा झाला होता. वहाणा गेल्या त्या गेल्याच. कमरेपर्यंत भिजून ते परत आले तेव्हा टोपली घेऊन चाललेली एक कोळीण पोट धरून हसत होती.

"पयल्यांदाच आलाव काय दर्यावर?" तिनं विचारलं.

मोठ्या बाबांचा चेहरा खाडकन उतरला. बायकोसमोर त्यांची उभ्या जन्माची कमाई एका प्रश्नावर टांगली होती. आता मला हसू येईना.

"पयल्यांदा काऊन?" मोठी आई कडाडली. "जवानीत येऊन गेले ते! तवा पाणी जागच्या जागी राहे."

कोळिणीनं तिच्याकडे नीट पाहिलं, टोपली सावरली आणि वाट धरली.

सूर्य आता खाली आला होता. मोठे बाबा ओल्या धोतरानं मोठ्या आईशेजारी बसले. बराच वेळ वाळू चिवडत राहिले.

"मी नव्हतो पाह्यला वं," ते म्हणाले. "गाठीइच्या राखणीले बसवलं होतं. गोदामाबाहेर पाय नाही टाकला. गावात आलो त जो तो इचारे, समुद्र पाह्यला काय? कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"ठाऊक हाय मले." तिनं सूर्यावरची नजरही काढली नाही.

"कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? तुम्ही पाह्यला असता, त मले दाखवल्याबिगर राह्यले असते काय?"

मोठे बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. दिवसभर मी त्यांची मजा बघत होतो. त्या घडीला मला त्यांचा हेवा वाटला. सूर्य पाण्याला टेकला, चपटा झाला आणि गेला. मोठ्या आईनं नमस्कार केला.

"हा रोज असाच बुडते काय रे?" तिनं मला विचारलं.

"रोज."

"मंग उद्याही पाहू."

मी म्हणणार होतो की राहायचं कुठे, खायचं काय, माझी कचेरी आहे. पण मोठे बाबा अनवाणीच उठले आणि मला म्हणाले, "जाय, धर्मशाळा पाह्य."