पेशंटजवळचं बाकडं

जळगावच्या पिंप्राळ्यात जाऊन रमजान पिंजारी कुठे राहतो असं विचाराल तर चार जण डोकं खाजवतील. ‘अँब्युलन्सवाला रमजानभाई’ म्हणा, पानटपरीवाला टपरी सोडून दारापर्यंत पोचवायला येईल. अठरा वर्षं तो एका सेवा मंडळाची अँब्युलन्स चालवतोय. तेवढ्या काळात मंडळाची गाडी दोनदा बदलली, अध्यक्ष तीनदा बदलले, चालक तोच राहिला. जामनेर, पाचोरा, एरंडोल, धरणगाव, कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे हे त्याला सरकारी खात्यापेक्षा पक्कं ठाऊक. खात्याला ठाऊक असतं तरी खड्डा तिथेच असता, ती गोष्ट वेगळी.

एवढे पेशंट नेले, पण त्यातल्या एकाचाही हात त्याने कधी हातात घेतला नाही. चालकाच्या पाठीमागे पत्रा असतो, पत्र्यात वीतभर काच असते आणि काचेपलीकडे स्ट्रेचर. स्ट्रेचरला लागून एक बाकडं. त्या बाकड्यावर मदतनीस बसायचा, अभिमन नाना, शिंदखेड्याचा. दोघांची काचेवरची भाषा ठरलेली होती. एक टकटक म्हणजे हळू घे, दोन म्हणजे दाब, तीन म्हणजे थांब. आणि कुणी वाटेतच गेलं तर अभिमन काचेवर नुसता तळवा टेकवायचा. मग रमजान वेग उतरवायचा, पण भोंगा चालू ठेवायचा. भोंगा थांबला की नातेवाइकांना कळतं, आणि भर रस्त्यात रडारड झाली तर सावरायला दोनच माणसं, त्यातला एक स्टिअरिंगवर. ही रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, चालता चालता पडली होती.

रमजानचे अब्बा जामनेरला पिंजारी होते. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या गाद्या-रजया भरल्या. पिंजायची धुनकी चालू झाली की घरात कापूस असा उडायचा की जेवताना ताटावर दुसरं ताट झाकावं लागे. तो कापूस अखेर छातीत जाऊन बसला. म्हातारपणी जिना सोडा, उंबरा चढतानाही त्यांना धाप लागायची. मुलाने हा धंदा धरू नये असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि मुलगा ड्रायव्हर झाला तेव्हा तेच जामनेरभर सांगत फिरले की माझा रमजान लोकांचे जीव वाचवतो. रमजानला तेव्हाही मनातून लाज वाटायची. आपण गाडी चालवतो, जीव कोण वाचवतो ते मागच्या बाकड्यावर ठरतं, हे त्याला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी जामनेरहून फोन आला, अब्बांना श्वास घेववत नाही. रमजान आणि अभिमन गाडी घेऊन धावले. अब्बांना स्ट्रेचरवर घेतलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, अभिमन बाकड्यावर बसला. घरून दुसरं कुणी बरोबर आलं नाही, मुलगाच आहे ना गाडीवर, असं सगळ्यांनी म्हटलं. मुलगा होताच. पत्र्याच्या अलीकडे होता.

सुरुवातीला त्याला अब्बांचा श्वास ऐकू येत होता, घरघर, मध्ये थांबे, पुन्हा घरघर. गाव सुटल्यावर पुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या लागल्या, म्हणून त्याने भोंगा लावला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. काचेवर टकटक नाही, तळवा नाही. त्याला वाटलं, सगळं ठीक आहे, नाहीतर नानाने काहीतरी खूण केलीच असती. आयुष्यात चालवली नव्हती अशी गाडी त्या दिवशी त्याने चालवली. दवाखान्याच्या दारात मागचा दरवाजा उघडला तेव्हा अभिमनने मान खाली घातली. अब्बा वाटेतच गेले होते. कुठे गेले, केव्हा गेले, हे रमजानने विचारलं नाही आणि अभिमनने सांगितलं नाही. वर्षभरात अभिमनचे गुडघे गेले आणि तो नोकरी सोडून गावी निघून गेला. रमजान तो रस्ता आजही आठवड्यातून दोनदा कापतो, आणि दर वेळी त्याला वाटतं, इथे असेल का? की अजून पुढे?

त्या दिवसापासून त्याच्या मनात ते बाकडं घर करून राहिलं. त्याला मागे बसायचं होतं, पेशंटजवळ, हाताशी. माणसाला या वयात नसत्या इच्छा होतात असं लोक म्हणतात, त्यातलीच ही एक समजा.

मंडळाचं काम सांभाळून बेचाळिसाव्या वर्षी त्याने धुळ्याच्या एका संस्थेत पॅरामेडिकचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम धरला. बायको जमीला म्हणाली, “आता काय डॉक्टर व्हायचंय तुम्हाला? केस पांढरे झाले ते बघा आधी.” पण शनिवारी पहाटे डबा मात्र तीच भरून द्यायची. वर्गात सगळी विशीतली पोरं, ती त्याला चाचा म्हणायची आणि इंग्रजी शब्द अडला की वहीत मराठीत लिहून द्यायची. प्लास्टिकच्या पुतळ्याची छाती दाबायला शिकवलं तेव्हा पोरं पाच मिनिटांत दमून हसत बाजूला झाली. रमजान दाबतच राहिला. सर म्हणाले, “चाचा, झालं. वाचला तो.” सगळा वर्ग हसला. रमजान तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

यंदा शिंदखेड्याबाहेर सौर प्रकल्पाच्या कामावर फिरत्या पॅरामेडिकची एक जागा निघाली. मैलोन्‌मैल पसरलेलं काम, कुणाला ऊन लागतं, कुणाला साप चावतो, कुणी वरून पडतं. पॅरामेडिकने जागेवर धावायचं आणि पेशंटबरोबर गाडीत बसून दवाखान्यापर्यंत जायचं. वयाची अट पंचेचाळीस, रमजान चव्वेचाळीस. जाहिरात त्याने इतक्या वेळा वाचली की तहरीम, त्याची कॉलेजातली पोरगी, म्हणाली, “अब्बू, पाठ झाली असेल तर आता अर्ज भरू.” तिनेच मोबाइलवर अर्ज भरला. पांढरी चादर भिंतीला लावून फोटो काढला, चार वेळा काढला, कारण चारही वेळा रमजान पोलिसांनी पकडल्यासारखा दिसत होता. अनुभवाच्या रकान्याशी मात्र दोघंही अडले. तिथे पत्र जोडायचं होतं.

पत्र द्यायचं मंडळाचे अध्यक्ष झुंबरलालजींनी. कापडाचं दुकान, मन मोठं आणि बोलणं त्याहून मोठं. रमजान सोडून जाणार म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी स्वतःच पत्र सांगायला घेतलं. ‘श्री. रमजान यांच्यासारखा चालक खान्देशात नाही. अठरा वर्षांत एकही अपघात नाही. यांच्या गाडीत पाण्याचा पेला ठेवला तर सांडत नाही.’ रमजान चाचरत म्हणाला, “भाऊ, अभ्यासक्रमाच्याही दोन ओळी...” झुंबरलालजी म्हणाले, “लिहिलं ना! शेवटी लिहिलंय, इतर ज्ञानही उत्तम.” अठरा वर्षं ज्या मंडळाचं मीठ खाल्लं त्याच्या अध्यक्षांना पत्र परत लिहा असं कसं म्हणायचं? रमजानने पत्र घडी करून खिशात ठेवलं.

मुलाखतीला तो सकाळच्या सुरत गाडीने शिंदखेड्याला गेला. पत्र्याच्या खोलीत दोघं जण बसले होते, प्रकल्पाच्या डॉक्टर हर्षिता मॅडम आणि कामगारांचं बघणारे योगराज साहेब. मॅडमनी जखम बांधायला लावली, सापाबद्दल विचारलं, उन्हाबद्दल विचारलं. रमजानचं एकही उत्तर चुकलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला खरंच वाटलं की मिळतंय आपल्याला.

मग मॅडम म्हणाल्या, “समजा पेशंट गाडीत आहे. नाडी लागत नाही. नातेवाईक बरोबर आहे. तुम्ही काय कराल?”

याचं उत्तर पुस्तकात होतं. रमजानने ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. “नातेवाइकाला सांगेन, मॅडम. गाडी थांबवीन आणि लगेच सांगेन. तुमचं माणूस जातंय, या, जवळ बसा, हात धरा.”

योगराज साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“आणि छाती दाबणं?” मॅडमनी हळूच विचारलं. “रमजानभाई, कोण गेलं आणि कोण नाही हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. दवाखान्यात डॉक्टर हातात घेईपर्यंत दाबायचं. गाडी थांबवायची नाही. तुम्ही थांबवलीत तर वाचणारासुद्धा जाईल.”

“हो, मॅडम,” रमजान म्हणाला. “माहीत आहे मला.”

“माहीत असून असं म्हणालात, म्हणून जास्त भीती वाटते,” त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांनाच वाईट वाटत होतं. योगराज साहेब एवढ्यात झुंबरलालजींचं पत्र वाचत होते. पाण्याच्या पेल्यापाशी पोचले आणि उजळलेच. “अहो, तुम्ही चालकाच्या जागेला का नाही अर्ज केला? आमच्या अँब्युलन्सला असाच माणूस हवाय. उद्यापासून या, पगारही मंडळापेक्षा चांगला देऊ. तीनपर्यंत मला फोनवर काय ते सांगा.”

बाहेर आल्यावर काय करावं ते त्याला कळेना. परतीची गाडी चारला होती. पाय आपोआप अभिमनच्या घराकडे वळले. आठ वर्षांनी तो त्या माणसाला भेटत होता.

अभिमन दारातच खाटेवर बसला होता, गुडघ्यांना फडकी बांधून. “कोन, रमजान? ये भो, बस. च्या पिशी ना?” चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, आणि मग रमजानने मुलाखतीचं सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं. सांगता सांगता नऊ वर्षं अडकलेलं तोंडून निघालंच. “नाना, अब्बा कुठे गेले?”

अभिमनने गुडघ्यावरचं फडकं सारखं केलं. “नेरी गावना पुढे,” तो म्हणाला. “मोठं वळन शे ना, तठे. हात उचलेल व्हता मी, काचवर टेकाले. पन तू अशी गाडी पळाडी ऱ्हायंता... मंग हातच नही उठना. चाचाना हात धरी बसनू. बोलत ऱ्हायनू, चाचा, आते ऊनं जळगाव, आते ऊनं.”

रमजानला हुंदका आला. अब्बांचा हात कुणाच्यातरी हातात होता, आता आलं जळगाव असं कुणीतरी त्यांना सांगत होतं, एवढं तरी कळलं. तो काही बोलणार तोच अभिमनने त्याचा हात घट्ट पकडला.

“तू आते शिकी उना ना? मंग खरं सांग. माले कोनी शिकाडेल नव्हतं. मी नुसता हात धरी बसनू. छाती दाबतू, तर चाचा वाचतात का?”

नऊ वर्षं आपणच एकटे झुरत होतो असं रमजानला वाटत होतं. नेरीच्या वळणापासून दवाखाना पंचवीस मिनिटं. गाडीत ऑक्सिजन होता. पहिल्या मिनिटापासून दाबलं असतं तर... वाचलेच असते असं कुणी सांगू शकणार नाही. पण वाचलेच नसते, असंही कुणी सांगू शकणार नाही. हे त्याला धुळ्याच्या वर्गात पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ते त्याने जमीलालासुद्धा सांगितलं नव्हतं.

“नाही, नाना,” तो म्हणाला. “त्यांची छाती आतून संपली होती. दाबून काही उपयोग झाला नसता.”

“खरं?”

“खरं.”

“तुन्हा अब्बानी शपथ?”

रमजानने अभिमनचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “अब्बांची शपथ.”

अभिमन रडायला लागला. म्हातारं माणूस रडतं तसं, आवाज न करता, अंग हलवत. रमजान त्याच्या खाटेवर सरकून बसला. नानाने काचेवर तळवा का टेकवला नाही, हे त्याला आता कुणी समजावून सांगायला नको होतं.

फोन वाजला. योगराज साहेब होते. “काय ठरलं मग, भाऊ?”

“साहेब, चालक नको. पॅरामेडिकची जागा पुन्हा निघाली तर कळवा.”

“ती निघेल दोन वर्षांनी. तोवर तुमचं वय उलटून जाईल.”

“माहीत आहे,” रमजान म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. अभिमनची पकड अजून सुटली नव्हती. ती त्याने सोडवून घेतली नाही, आणि चारची गाडी त्याच्याविनाच गेली.