पत्र्याचा फोम आणि फोनवरची खुशाली

पत्र्याला चिकटलेला फोम एकवेळ सुटतो, पण आमच्या सासूबाईंच्या डोक्यात बसलेली गोष्ट सुटत नाही. हे मी रागानंच लिहितेय, आणि राग अजून गेलेला नाही.

उंब्रजला आमचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात दुपारी आत बसलं की टाळू भाजून निघते. आमचे हे फौजेत. एका उन्हाळ्यात सुट्टीवर आले आणि त्यांनी ठरवलं, आईला या तापातून सोडवायचंच. सांगलीकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला आतून जो फोम मारतात, तोच त्यांनी आमच्या पत्र्याला खालून मारून घेतला. नळीतून फवारा उडायचा आणि बघता बघता फुगायचा. वाळल्यावर छत उतू गेलेल्या दुधासारखं पिवळट दिसायला लागलं. मारणाऱ्यांनी बजावलं होतं, काम चालू असताना घरात कुणी थांबू नका. सासूबाई थांबल्या. त्यांना मी आत्या म्हणते. तर आत्या का थांबल्या? कामाला आलेल्या माणसांना चहा कोण देणार!

हे ड्युटीवर परत गेले आणि आत्यांचा खोकला सुरू झाला. पत्रा तापला की फोमचा उग्र वास खाली उतरायचा आणि त्यांचा दम वर चढायचा. आडवं झालं की श्वास अडकतो म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या. कराडच्या डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि सरळ सांगितलं, "एक तर तो फोम घरातून काढा, नाहीतर यांना घरातून हलवा."

मी म्हटलं, ह्यांना फोन करून सांगते. तर आत्यांनी माझं मनगट धरलं. "खबरदार सांगशील तर! त्यो तिथं बंदूक धरून उभा हाय."

आमच्याकडं घराआड एक फौजी आणि घरोघरी एकच नेम. बॉर्डरवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. म्हैस मेली, सांगायचं नाही. चुलता पडला, सांगायचं नाही. सासरे वारले तेव्हासुद्धा ह्यांना "अण्णांना जरा बरं न्हाई, येऊन जा" एवढंच कळवलं होतं. त्यामुळं रोज संध्याकाळी फोन यायचा, "आई, गार वाटतंय का?" आणि आत्या म्हणायच्या, "लय गार हाय बाळा. सोन्यासारखं काम केलंस." एवढं बोलून फोन माझ्या हातात कोंबायच्या आणि तोंडात पदर घालून खोकायच्या. मी हो ला हो करायची. सांगावं तर आत्या रुसणार, न सांगावं तर आत्याच जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

शेवटी मी म्हटलं, ह्यांना न कळवता काढू. आत्या बराच वेळ छताकडं बघत बसल्या. "काढ. पण माझ्या लेकाला कळता कामा न्हाई."

आता काढायचा कुणी? फोम मारणारे पायलीचे पन्नास, काढायचं म्हटलं की एकजण फोन उचलत नाही. माधवनगरचा एक कंत्राटदार "उद्या येतो ताई" म्हणाला, पण त्याचा उद्या काही उजाडेना. तोवर चुलत दीर आले. "वहिनी, कशाला त्याची वाट बघताय? ग्राइंडर मारतो, एका दिसात पत्रा लख्ख!"

"भाऊजी, ठिणगी पडली तर फोमासकट घर जाईल. आणि भुसा घरभर उडेल तो कुणाच्या छातीत जाणार?"

"बरं, मग हातानं पाडू आणि पाचटात टाकून पेटवून देऊ."

अरे देवा! ऊस तुटला की पाचट पेटवायची सवय. या लोकांना जगातली नको असलेली प्रत्येक वस्तू पाचटच वाटते. तो धूर विषारी असतो हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. "तुमी लय शिकलेल्या," म्हणून भाऊजी निघून गेले.

कंत्राटदार एकदाचा उगवला, तो पण ग्राइंडर घेऊनच. मी ते मशीन गाडीतनं उतरूच दिलं नाही. मग सामान अंगणात काढलं, वीज बंद केली, दारांना प्लॅस्टिक लावलं. माणसांनी चांगले मास्क आणि चष्मे चढवले. पाणी फवारून फोम ओला करायचा, लांब पात्यानं हळूहळू खरवडायचा, पडेल तो तुकडा पिशवीत भरून तोंड बांधायचं. फोम मारताना त्यातल्या दोन रसायनांचं मिश्रणच नीट जमलं नव्हतं, म्हणून वास राहिला, असं कंत्राटदार म्हणाला. हे मारतानाच कुणी बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? आत्यांना भाऊजींच्या घरी बसवून मी सांगून आले होते, हाक मारल्याशिवाय इकडं फिरकायचं नाही.

मी मागच्या दारी पिशव्या बांधत होते. तेवढ्यात आतून कप फुटल्याचा आवाज आला. धावत गेले तर प्लॅस्टिक बाजूला सारून आत्या त्या धुळीत उभ्या, हातात चहाचा ट्रे. "माणसं सकाळधरनं राबत्यात, त्यास्नी..." म्हणायला त्यांनी तोंडावरचा पदर काढला, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ओठ निळे पडले. पंप मारला, लागू पडेना. भाऊजींनी गाडी काढली. कराड येईपर्यंत त्या माझ्या खांद्यावर घरघरत होत्या आणि मी चहाला शिव्या घालत होते, रडत होते. या गेल्या तर ह्यांना काय सांगू? आई लय गार हाय म्हणून?

वाचल्या. दवाखान्यातल्या दिवसांत ह्यांचा फोन आला की मी "आई शेजारी गेल्यात" म्हणायची. घर बरेच दिवस उघडं टाकून, ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसून काढलं, तेव्हा त्यांना घरी आणलं. पत्रा उघडा, आत भट्टी. पण वास नव्हता आणि आत्या आडव्या होऊन झोपू लागल्या.

मग एका संध्याकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल आला आणि ह्यांना वरचा पत्रा दिसला. "फोम कुठं गेला?"

"मीच काढाय लावला. उंदरं शिरत हुती," आत्या म्हणाल्या.

ह्यांचं तोंड उतरलं. "एवढ्या हौसेनं मारला होता. मला विचारायचं तरी." हे माझ्याकडं बघून. मी गिळलं. मग हेच म्हणाले, "असू दे आई. पुढच्या सुट्टीला परत मारून देतो. आणखी जाड."

आणि आत्या, सलाईनच्या सुईचा डाग अजून हातावर असलेल्या आमच्या आत्या, हसून म्हणाल्या, "मार की बाळा."

माझं डोकंच फिरलं. फोन ओढून घेतला. "अहो, त्या फोमापायी तुमची आई मरता मरता वाचलीय! कराडला ऑक्सिजनवर होत्या. गार-बिर काही नव्हतं. रोज तुम्हाला खोटं सांगत होत्या, आणि मीपण."

आत्या माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "झालं समाधान? आता त्यो तिथं झोपंल का?"

"आणि मी इथं झोपत होते का?" मी ओरडले. "ते कुणी विचारलं का मला?"

फोनमधनं ह्यांचा आवाज आला, "आईकडं दे. आई, आता कसं हाय?"

"लय बरं हाय बाळा."

पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि पहिल्यांदाच ह्यांना ते पटेना. "तोंडानं सांगू नको. फोन छातीला लाव आणि श्वास घे. ऐकू दे मला."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांचा हात धरून फोन छातीवर टेकवला. तापलेल्या पत्र्याखाली आम्ही दोघी आणि तिकडं ते, गप्प बसून तो श्वास ऐकत राहिलो. आता रोज फोन आला की आधी छातीला लागतो, खुशाली मग.