तुलनेचा वर्ग

"हे तू मला आत्ता सांगतेस, ताई?"

"मग कधी सांगायचं होतं? तू पडद्यावर दाखवलंस तेव्हा मला कळलं."

"वर्षभर माझ्या दोन विद्यार्थिनी तुझ्या वर्गात बसत होत्या. तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

"तू काय मोजतेयस ते मला कुणी सांगितलं होतं? 'ताई, तू फक्त शिकव, बाकीचं आमच्यावर सोड.' सोडलं."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. आवाज तुझा चढलाय."

सभागृहाच्या मागच्या बाजूची ती अडगळीची खोली. एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले जुन्या परिषदांचे फलक, आणि या दोघींच्या मधोमध उभा राहून ताईच्या खांद्याशी माइकची चिमटी लावणारा माइकवाला. तो बिचारा छताकडे बघत हात चालवत होता.

"बाई, माइक बंदच आहे अजून," तो म्हणाला. "आणि मी काही ऐकत नाहीये."

बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वाचन : संशोधनातून वर्गात'. दोन दिवसांची परिषद. पुढच्या रांगांत विद्यापीठाची माणसं नि अधिकारी, मागच्या रांगांत शाळांमधून धाडलेले शिक्षक. मधली एक रांग रिकामी होती. ती तशी ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिथं कुणी बसत नव्हतं. जेवणानंतरच्या सत्रात पहिलीच्या बाई बोलणार होत्या. पहिलीच्या बाई म्हणजे ताई. आणि ज्यांच्या संशोधनावर हे सत्र होतं त्या प्राध्यापक मॅडम म्हणजे तिची धाकटी बहीण. विद्यापीठात मॅडम, घरात चिमी.

पहिलीचा वर्ग कुणालाच नको असतो. नाकं पुसा, बुटांचे बंद बांधा, कुणाची आई फाटकातून वळली की वर्गभर रडारड. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नवखी म्हणून बाईंच्या गळ्यात तो पडला, आणि मग त्यांनीच तो सोडला नाही. मुख्याध्यापक आले नि गेले, वर्गवाटपाच्या बैठकीत बाईंना विचारायचीही पद्धत उरली नाही. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "अगं, दिवसभर इतक्या जणांची जेवणं बघते, घरी आणखी एकाची कुठं बघू?" लोक हसायचे, विषय संपायचा.

त्यांची शिकवायची रीत साधी होती. सकाळी पोरं आली की बाई विचारायच्या, काल काय झालं? मग जो तो उड्या मारायचा. त्यातलं एखादं वाक्य फळ्यावर चढायचं. 'आमच्या मांजरीनं बाबांच्या बुटात पिल्लं घातली.' ज्याची मांजर तो ते वाक्य छाती काढून वाचायचा, मालकच ना तो. मग सगळा वर्ग वाचायचा. मग बाई हळूच एक शब्द पुसायच्या आणि साळसूदपणे विचारायच्या, "आता पिल्लं कुठं घातली?" पोरं रिकाम्या जागेकडे बोट दाखवून किंचाळायची. दुपारपर्यंत फळ्यावर नुसती 'मांजर' उरायची आणि पोरांच्या डोक्यात सगळं वाक्य. यात आपण काही शोध लावलाय असं बाईंना कधी वाटलं नाही. पोरांना स्वतःबद्दल वाचायला आवडतं, एवढीच ती अक्कल. दरवर्षी दोन-तीन पोरं यातूनही निसटायचीच, आणि त्यांचं काय करावं हे बाईंनाही सुचायचं नाही.

आता तपासणीला साहेब आले, तर फळ्यावर मांजर दिसून कसं चालेल? पुस्तकात आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्य. म्हणून शाळेत एक जुनी युक्ती होती. साहेबांची गाडी फाटकात शिरली की शिपाईमामा वर्गावर्गात डोकावून विचारायचे, "बाई, खडू पुरलेत ना?" की बाई फळा पुसणार, पोरं हाताची घडी घालणार, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खाली उतरणार, आणि पट्टीच्या टोकाबरोबर सगळा वर्ग एका सुरात अक्षरं घोकणार. साहेब खूश. गाडी बाहेर पडली की मांजर परत फळ्यावर. पोरांनाही हे नाटक तोंडपाठ होतं. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं; पाहुणे आले की आपण चादर बदलतो, तसंच.

आणि मग चिमीला वर्ग हवा झाला.

तिला दोन वर्ग हवे होते. एका शाळेत नवी पद्धत, रंगीत कार्डांचे संच, त्यासाठी खास तयार केलेली शिक्षिका. दुसऱ्या शाळेत काहीच बदलायचं नाही, म्हणजे फरक मोजता येईल. हा दुसरा तो तुलनेचा वर्ग. घरचंच माणूस म्हणून तिनं ताईचा घेतला. "तू रोज जे करतेस तेच कर," असं तिनं बजावलंही होतं, आणि ताईला ते नीट कळलंही होतं. कळण्याची अडचण नव्हतीच.

पहिल्या दिवशी लॅपटॉप घेऊन चिमीच्या दोन विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसल्या. कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा उभा राहिला. शिपाईमामांनी परकी माणसं बघितली आणि सवयीनं दारातून डोकं आत घातलं. "बाई, खडू पुरलेत ना?"

पोरांनी हाताच्या घड्या घातल्या.

बाईंनी थांबवायला हवं होतं. पण त्यांच्याच हातानं तक्ता खाली उतरवला. आजचा दिवस जाऊ दे, असं त्या मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कॅमेरा होताच. काल तक्ता दाखवला नि आज मांजर लिहिली, तर कालचं सोंग होतं हे उघडं पडणार. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक येऊन गेले. "बाई, सगळं वर जाणार आहे. पुस्तक सोडू नका." चार दिवसांचं सोंग म्हणता म्हणता ते वर्षभर वठवावं लागलं.

त्या वर्गात एक मुलगी होती, सतत काहीतरी पुटपुटणारी. बाई तिला पुटपुटीच म्हणायच्या. ती रोज सकाळी टेबलाशी येऊन उभी राहायची. "बाई, काल आमच्याकडे काय झालं सांगू?" बाई कॅमेऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "उद्या सांग हं." पुढं पुढं ती टेबलाशी यायची बंद झाली. आज ती दुसरीत आहे, भिंतीकडच्या रांगेत, 'मागे पडलेल्या' पोरांत. त्या वर्गातली निम्मी पोरं त्याच रांगेत आहेत. दुसरीच्या बाईंना विचारून सुट्टीत त्यांना थोडं वाचून घेईन, असं ताईनं ठरवलं होतं. दुसरीच्या बाईंनी तोंड वाकडं केलं. "म्हणजे तुमचं राहिलेलं आता माझ्या वर्गात येऊन करणार?"

तर आज सकाळी, या सभागृहात, पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची हिरवी, चढत गेलेली. खालची लाल, जमिनीला धरून रांगणारी. चिमी काठीनं दाखवत होती. "हा तुलनेचा वर्ग. अनुभवी शिक्षिका, पारंपरिक पद्धत." पुढच्या रांगेतले अधिकारी उठून म्हणाले, की पुढच्या वर्षापासून कार्डांचे संच सगळ्या शाळांत जातील आणि सकाळचा पहिला तास कार्डांचाच राहील. टाळ्या झाल्या. ताईच्या शेजारी बसलेली कुठल्याशा शाळेतली शिक्षिका तिच्या कानाशी लागली, "कुणाचा गं तो खालचा वर्ग, बिचारीचा?"

"असेल कुणाचा तरी," ताई म्हणाली.

आणि आता ही अडगळीची खोली.

"माझी नोकरी कायम व्हायचीय, ताई. समितीतले तिघंही समोर बसलेत. मी आता उठून काय सांगू, की माझी ताई वर्षभर नाटक करत होती?"

"मी सांगते की."

"तू काही सांगू नकोस. तुला टाइप करून दिलंय ते वाच. आधी मी अशी शिकवायचे, आता कार्डं घेऊन अशी शिकवते. दहा मिनिटं. उतर खाली."

"अजून मी त्या कार्डांना हात लावलेला नाही."

"लावशील ना. नवी पद्धत चांगलीच आहे. पोरांचं काही वाईट होणार नाही तिनं."

"असेल चांगली. मी कुठं नाही म्हणते? पण तिची माझ्याशी गाठच पडली नाही, चिमे. तिनं हरवलं ते तक्त्याला. आणि आता सकाळचा तास माझ्याकडून घेणार, तो माझी पोरं मंद निघाली म्हणून. ती मंद नाहीत. मी त्यांना वर्षभर शिकवलेलं नाही."

"बाई," माइकवाला म्हणाला, "नाव पुकारलं."

व्यासपीठावर अध्यक्ष होते, पांढऱ्या केसांचे, गोड आवाजाचे. "आता ऐकू या परिवर्तनाची गोष्ट," ते म्हणाले, "थेट वर्गातून."

ताईनं टाइप केलेला कागद टेबलावर पालथा घातला. मग तिला मागच्या रांगा दिसल्या, आणि ती त्यांच्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली.

"सकाळी जी लाल रेघ दाखवली, तो माझा वर्ग. त्या वर्षी मी त्यांना शिकवलंच नाही. साहेब आले की आपण जे करतो, ते केलं. आमच्याकडे शिपाईमामा येऊन विचारतात, बाई, खडू पुरलेत ना?"

मागच्या रांगा खदखदून हसल्या. प्रत्येकाच्या शाळेत काहीतरी तसंच होतं; कुणाकडे पाण्याचा माठ विचारत असतील, कुणाकडे घंटा. मागचे हसले म्हणून पुढचेही हसले. ताई त्या हशातच बोलत राहिली. कॅमेरा, तक्ता, मांजर. पुटपुटीचं सांगताना तिचा आवाज फाटला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "तेव्हा ती रेघ माझ्या पोरांची नाही," ताई म्हणाली. "ती माझ्या भीतीची आहे. तिच्यावरून काही ठरवू नका."

टाळ्या पडल्या, आणि सकाळच्यापेक्षा जोरात. ताईला क्षणभर वाटलं, पोचलं.

अध्यक्ष उठले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती मोठं मन लागतं याला," ते म्हणाले. "इतक्या वर्षांच्या अनुभवी शिक्षिका भर सभेत सांगतात, की मी शिकवत नव्हते. जुन्या पद्धतीत भीती होती, घोकंपट्टी होती, हे त्यांच्याच तोंडून आपण ऐकलं. आपल्या संशोधनाला याहून मोठा पुरावा कोणता?"

"नाही, मी तसं म्हटलं नाही," ताई म्हणाली. पण माइकवाला तोवर चिमटी काढत होता, आणि तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही. कुणीतरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. अधिकारी पुढं होऊन म्हणाले, "बाई, हेच तुम्ही आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात येऊन सांगा. अगदी असंच. खडूचा विनोद ठेवा त्यात."

मागच्या रांगेतल्या शिक्षिका चहाच्या टेबलाशी तिला भेटल्या, हसल्या, खांद्यावर थाप मारून गेल्या. "धमाल बोललात हो." त्यांतल्या एकीनं मात्र हात दाबला आणि हळूच विचारलं, "मग सकाळचा तास वाचेल का हो?"

चिमी तिला सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात गाठायला आली. तिचा चेहरा उतरायचा तो उजळला होता.

"छान झालं, ताई. खरंच. माझा तर जीव टांगणीला लागला होता. समितीतले सर स्वतः म्हणाले, तुमच्या बहीण म्हणजे कमाल आहेत."

"त्यांना सांग, उलटं कळलंय म्हणून."

"आता कशाला? तुला बोलायचं होतं, तू बोललीस. कुणी अडवलं तुला?"

"नाही अडवलं."

"मग झालं तर. तू मोकळी, मी मोकळी."

ताईनं गुच्छ खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"तू स्वतः माझ्या वर्गात आली होतीस ना? त्या वर्षी."

"आले होते की. तीन-चारदा."

"मागच्या बाकावर बसलीस. पोरं तक्ता घोकत होती, मी पट्टी फिरवत होते."

"हो. मग?"

"तिसरीत गेलीस तरी तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं होतं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही."

"ताई, ते आत्ता कुठं काढतेस?"

"मी तेव्हा शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. तू दिवसभर भांडायचीस, आणि भांडताना जे बोलायचीस ते मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं लिहायचे. तू वाचलेलं पहिलं वाक्य कोणतं, आठवतं?"

चिमीच्या ओठांचा कोपरा नकळत हलला. "'ताई दुष्ट आहे.'"

"त्यातलं 'दुष्ट' मी पुसलं, तर तू भोकाड पसरलंस. परत लिही म्हणालीस. मी म्हटलं, तूच लिही. आणि तू लिहिलंस."

चिमी हसली. मग तिला कळलं की ताई हसत नाहीये.

"मी कशी शिकवते हे जगात सगळ्यांत आधी तुला ठाऊक होतं, चिमे. मुख्याध्यापकांच्याही आधी. मग त्या मागच्या बाकावर बसून तक्ता ऐकताना तू ओळखलं नाहीस? ही माझी ताई शिकवत नाहीये, असं एकदाही मनात आलं नाही? की आलं होतं?"

व्हरांड्याच्या टोकाशी सभागृहाचं दार उघडलं. "मॅडम," आतून कुणीतरी हाक मारली, "समितीबरोबर फोटो घ्यायचाय, तुमच्यासाठी थांबलेत."

चिमीनं दाराकडे बघितलं. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं ते तिनं सरळ केलं, नाव पुढं येईल असं. ताईच्या चेहऱ्याकडे तिची नजर आली, पण खांद्यापाशीच थांबली. मग ती वळली आणि झपाझप पावलं टाकत आत निघून गेली.