नोव्हेंबरची ओळख

पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं बँकेला सांगावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण 'हयात' हा शब्द पेन्शन सुरू झाल्यावरच माझ्या तोंडी बसला.

त्यासाठी कल्याणच्या शाखेत बाकावर ताटकळत बसावं लागे. तिथेच शेजारी शहाडच्या एक बाई भेटल्या. पंखा बंद होता म्हणून त्यांनी शिपायाला असं काही झापलं, की मला त्या तिथल्या तिथे आवडल्या. मी ठाकुर्लीहून यायचे, म्हणून त्या मला 'ठाकुर्ली' म्हणायच्या, मी त्यांना 'शहाड'. पुढे दर वर्षी मी दारात दिसले की त्यांचं ठरलेलं, "काय ठाकुर्ली, आहात ना अजून?"

"तुमच्या आधी जायची नाही," हे माझं ठरलेलं.

साहेबांसमोर सही केली की समोरच्या हॉटेलात कॉफी आणि नवऱ्यांच्या तक्रारी. दोघींचेही नवरे तोवर भिंतीवरच्या फोटोत गेले होते, त्यामुळे भीड कसली? मग थेट पुढच्या नोव्हेंबरात भेट. फोन नंबर घ्यायचं कधी सुचलं नाही. दाखला चुकवला तर पेन्शन बंद, म्हणजे येणार हे नक्कीच होतं.

गेल्या नोव्हेंबरात माझी भाची आली आणि तिने सगळं फोनवर उरकून टाकलं. फोन तोंडासमोर धरायचा, डोळे मिचकावायचे, की झाला दाखला. "मावशी, आता बँकेत खेटे नकोत," म्हणाली. बिचारीने मायेनेच केलं होतं, मीही शहाण्यासारखे डोळे मिचकावले. पण ती गेल्यावर घर खायला उठलं. आपण आहोत हे सरकारला कळलं, पण मला ते विचारणारं कोणी उरलं नाही, असं वाटून मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शाखेत गेले. बाक काढून तिथे पासबुक छापायचं मशीन ठेवलं होतं. त्याच्याशेजारी उभी राहून मी दाराकडे बघत होते. येणारे सगळे तरुण, कानाला फोन लावलेले. शेवटी काउंटरवरच्या मुलाने बोलावून घेतलं, खाते नंबर विचारला, संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा दाखला ऑनलाइन आलाय. आता कोणी इथे येत नाही त्यासाठी, सगळे घरूनच करतात."

"माझा राहू दे रे," मी म्हणाले. "शहाडच्या एक बाई यायच्या बघ. त्यांचा आलाय का, तेवढं सांग."

मुलगा भला होता. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मला 'शहाड' एवढंच ठाऊक होतं.