दादाची झोप आणि मूठभर दळण

परवा गावी, बोरी अरबला दादाकडे गेले होते. ऊन असं की दाराबाहेर पाऊल टाकवेना... चक्कीच्या बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर दादा बनियनवर मजेत बसला होता. तो कूलर चालू दिसला की मला दरवेळी भरून येतं. हसू नका, सांगते.

माझ्या दादाची आटाचक्की आहे. ही गोष्ट कापसाच्या त्या वाईट वर्षांतली. कापूस घराघरांत पडून, माणसं गप्प गप्प... आणि अधूनमधून कुणीतरी जीव द्यायचा, त्या घरून रडण्याचा आवाज यायचा. ज्यांनी ती वर्षं पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको.

त्यातल्याच एका उन्हाळ्यात दादाला झोप लागली. लागली ती सुटेचना! सकाळी चहा पिऊन परत आडवा, दुपारी चक्कीवर बसल्या बसल्या मान खाली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड आणि बोलणं जवळजवळ बंद.

एरवी आम्ही त्याला आळशी म्हणून मोकळे झालो असतो. पण तेव्हा गप्प राहून झोपणारा माणूस दिसला की त्याला एकटं सोडवत नसे. दादानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर... वहिनीच्या डोक्यातून हे जाईना. त्याला विचारायचीही तिला भीती वाटायची.

शेजारी सलीमभाईंचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. पंपांत विषारी औषध उरलेलं असायचं, म्हणून ते बिचारे नुसते चहाला उठले तरी दुकानाला कुलूप लावायला लागले. आणि वहिनीनं गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलं... दळण एकदम आणू नका, थोडं थोडं आणा. चक्कीवर कुणी ना कुणी बसलेलं पाहिजे.

बायकांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका! कुणी मूठभर ज्वारी, कुणी वाटीभर डाळ. दादाचा डोळा लागला रे लागला की डबा आदळायचाच. म्हणजे ज्याला झोप आवरत नव्हती, त्याला अख्खी गल्ली दिवसभर उठवत होती...

सगळ्यात जास्त बसायच्या समोरच्या गयामावशी. एक दिवस त्या पदरानं घाम पुसत वहिनीवर उखडल्या. "तुह्या नवऱ्यापाशी बसाले मी कधी नाही म्हनलं का वं? पन त्याले कूलर तं लावू दे म्हना! मे महिन्यात मानूस चादर घेऊन बसते, थंडी वाजते म्हनते!"

वहिनी चमकली. घरीही तो कूलर बंद करायचा, पण तिला वाटायचं, मनानं खचलाय म्हणून कशातच जीव नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला दारव्ह्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि झोपेच्याही आधी कूलरचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, जास्त झोपेची कारणं पुष्कळ असतात. अंगात रक्त कमी असणं, घोरण्यामुळे रात्रीची झोप नीट न होणं, एखादं औषध, थायरॉइड... आणि हो, मन खचणंही. मग जे आमच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं, ते त्यांनी दादाला सरळ विचारलं.

दादा म्हणाला, "मले मराचं नाही जी. मले उठाचं हाये."

वहिनी तिथेच रडायला लागली. रक्त तपासलं, थायरॉइड निघालं; थंडी वाजायची तीही त्यामुळेच. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. हळूहळू चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला... आणि एका दुपारी दादानं स्वतः उठून कूलर लावला. वहिनीनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं!

परवा तोच विषय निघाला. दादा मला म्हणाला, "त्या साली लोकाईची हालत लय खराब होती वं. मुठीमुठीनं दळन आनत."

वहिनीला हसू आवरेना. इतक्या वर्षांनी तिनं त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

दादा म्हणाला, "मंजे मी झोपून होतो तवा सारी गल्ली जागी होती म्हन ना..."

तेवढ्यात गयामावशी दळण घेऊन आल्या. आता चांगल्याच थकल्या आहेत. दादानं उठून त्यांच्या हातातला डबा घेतला, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं.

मी इथे शब्दांत गल्लीचे आभार मानत बसलेय... त्यानं ते तिथेच मानून टाकले.